पेरसाळ दरवर्षी तिसऱ्या आठवड्यात पिवळी पडते : फवारणीआधी मशागत तपासा

मराठवाड्यातील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत तिफणीने पेरलेली साळ चांगली उगवते. दोन पानांवर असेपर्यंत तिच्यात कोणतीही खोट दिसत नाही, पण तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोंग्यातून निघणारे नवे पान पिवळट बाहेर येऊ लागते. पुढच्या आठ-दहा दिवसांत शिरा हिरव्या आणि मधला भाग फिका अशा रेषा उमटतात, शेवटी पान कागदासारखे पांढरे होते, फुटवे थांबतात आणि तण पुढे निघून जाते. कृषी सेवा केंद्रातून सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली येते, एक-दोन फवारण्या होतात, पीक थोडेफार सावरते, आणि पुढच्या वर्षी त्याच शेतात, बहुधा त्याच पट्ट्यात, हेच चित्र पुन्हा दिसते. हे पुन्हा पुन्हा का होते आणि कायमचे कसे थांबवता येईल, याचाच विचार येथे केला आहे. दरवर्षी परतणाऱ्या पिवळेपणाचे मूळ बहुतेक वेळा पेरणीपूर्वी जमीन ज्या पद्धतीने तयार केली जाते त्यात असते आणि फवारणी त्या मुळापर्यंत पोहोचत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी निदान पक्के करा

पिवळेपणाची कारणे अनेक आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा की पिवळे कोणते पान आहे. लोह वनस्पतीत एकदा जिथे पोहोचले तिथेच राहते, जुन्या पानातून नव्या पानात सहजी जात नाही. त्यामुळे लोहाची कमतरता सर्वांत वरच्या, कोवळ्या पानावर प्रथम दिसते आणि खालची पाने बराच काळ हिरवी राहतात. नत्राचे उलट असते. नत्र जुन्या पानातून निघून कोवळ्या पानाकडे जाते, म्हणून नत्र कमी पडले की खालची पाने आधी पिवळी होतात. जस्ताच्या कमतरतेत खालच्या पानांवर तांबूस-तपकिरी, गंजासारखे ठिपके येतात आणि रोपे खुजी राहतात. गंधकाची कमतरता कोवळ्या पानावर दिसत असल्याने तिची लोहाशी गल्लत होते, मात्र गंधक कमी असताना सगळे पान सारखेच फिके होते आणि लोहाच्या कमतरतेत सुरुवातीला शिरा हिरव्या राहतात.

दुसरी तपासणी मुळांची. पिवळ्या पट्ट्यातील दोन-चार रोपे खुरप्याने मातीसकट काढून, पाण्यात हलवून स्वच्छ करावीत. मुळांची टोके फुगून आकड्यासारखी वळलेली दिसली, तर तो भातावरील सूत्रकृमीचा प्रादुर्भाव आहे आणि कितीही हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचे खत) फवारला तरी तो बरा होणार नाही. मुळे कुरतडलेली असतील तर हुमणी किंवा वाळवी शोधावी. उगवणीपूर्व तणनाशक जास्त पडले असेल, तर मुळे आखूड व जाड दिसतात आणि नुकसान फवारणीच्या फेऱ्यांप्रमाणे पट्ट्यापट्ट्यांत असते.

तिसरी तपासणी शेताच्या उंचसखलपणाची असून पेरसाळीसाठी ती मला सर्वांत बोलकी वाटते. पाऊस झाल्यावर ज्या खोलगट जागी पाणी काही दिवस तुंबते, तिथली साळ हिरवीगार आणि उंचवट्यावरची पांढरी असेल, तर लोहाची शंका जवळजवळ पक्की समजावी. सोयाबीन किंवा भुईमुगात चुनखडीच्या जमिनीवर बहुधा उलटे दिसते, तिथे पाणी साचलेल्या भागातच पीक अधिक पिवळे होते. म्हणून सोयाबीनचा अनुभव साळीला जसाच्या तसा लावू नये. याच फेरीत ट्रॅक्टरच्या चाकांचे माग पाहावेत. पेरणीच्या वेळी चाक गेलेल्या, दबलेल्या ओळीतील रोपे शेजारच्या ओळींपेक्षा हिरवी असतील, तर कारण आणि उपाय दोन्ही तुमच्या पायाखाली आहेत. ते कसे, हे पुढे येईलच.

खात्रीसाठी एक साधी चाचणी करावी. एका लिटर पाण्यात दहा ग्रॅम फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, विरघळवून पिवळ्या पट्ट्यातील दोन ओळींच्या कोवळ्या पानांवर सायंकाळी फवारावे आणि शेजारच्या दोन ओळी तशाच ठेवाव्यात. आठवड्याभरात फवारलेल्या ओळींत नवे पान हिरवे निघाले, तर निदान पक्के झाले. माती परीक्षण जरूर करावे, पण त्यातला नेमका कोणता आकडा पाहायचा हे माहीत असावे. एकूण लोह भरपूर असते, आपल्या काळ्या मातीला लोहाचा तुटवडा नाही. डीटीपीए पद्धतीने (प्रयोगशाळेतील एक रासायनिक चाचणी) काढलेले उपलब्ध लोह किलोमागे ४.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर जमीन कमतरतेची मानतात. त्यासोबत सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्लता-विम्लता दाखवणारा आकडा) आणि मुक्त चुन्याचे प्रमाणही पाहावे, कारण सामू ८ च्या पुढे आणि चुनखडी भरपूर असलेल्या जमिनीत लोहाचा आकडा काठावर असला तरी पेरसाळ पिवळी पडू शकते.

लोह असूनही मिळत का नाही

भात मुळात पाण्यात उभे राहणारे पीक आहे. चिखलणी करून पाणी साठवलेल्या खाचरात मातीतील प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो. त्यानंतर जिवाणू श्वसनासाठी आधी नायट्रेट, मग मँगनीज आणि त्यानंतर लोह वापरतात, आणि त्या क्रियेत न विरघळणारे फेरिक लोह विरघळणाऱ्या फेरस रूपात येते. रोपाला लोह आयते मिळते. पेरसाळीच्या शेतात ही साखळी सुरूच होत नाही. मातीत हवा खेळती असते, लोह फेरिक रूपातच राहते आणि सामू एका अंकाने वाढला की त्या लोहाची विद्राव्यता सुमारे हजार पटींनी घटते. गहू, सातू यांसारखी तृणधान्ये अशा वेळी मुळांतून एक खास द्रव्य सोडून फेरिक लोह ओढून घेतात. भातालाही ही कला अवगत आहे, पण ते हे द्रव्य फारच थोडे सोडते. त्यामुळे ज्या जमिनीत गहू हिरवा राहतो, त्याच जमिनीत साळ पांढरी पडते. बियाण्यातील साठ्यावर रोप पहिली दोन-तीन पाने काढते. तो साठा संपला की मातीकडे हात पसरावा लागतो, आणि म्हणूनच लक्षणे तिसऱ्या आठवड्यात दिसू लागतात.

वरच्या क्रमात आणखी एक व्यवहारोपयोगी गोष्ट आहे. लोहाची पाळी नायट्रेटनंतर येते. म्हणून एक दिवस पाणी सोडून दुसऱ्या दिवशी शेत वाफशावर आणले, तर लोहापर्यंत काम पोहोचतच नाही. पाणी देऊन साळ हिरवी करायची असेल, तर जमीन सलग आठवडाभर तरी संपृक्त ठेवावी लागते.

मशागत आणि पिवळेपणा

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पूर्वी काळ्या रानात साळ पेरायची असेल तर उन्हाळ्यात वखराच्या पाळ्या घातल्या जात, वळवाचे आणि मृगाचे एक-दोन पाऊस माती बसवत, मग वाफशावर तिफण चाले आणि मागून फळी फिरे. आज अनेक ठिकाणी एप्रिल-मे महिन्यात ट्रॅक्टरचा पलटी नांगर चालतो, जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर रोटाव्हेटर फिरतो आणि लगेच पेरणी होते. वरून हे रान फार देखणे दिसते. साळीच्या दृष्टीने मात्र त्यात चार दोष एकत्र येतात.

पहिला दोष खोल नांगरटीचा. अनेक मध्यम खोलीच्या काळ्या जमिनींत वरच्या थरापेक्षा खालच्या थरात चुनखडीचे प्रमाण जास्त असते, पांढरे खडे तर नांगराच्या तासात स्पष्ट दिसतात. दरवर्षी खोल पलटी मारल्याने हा चुना वर येतो आणि सेंद्रिय पदार्थ असलेली वरची माती खाली जाते. अशा शेतात पिवळे पट्टे नेमके त्याच जागी दिसतात जिथे नांगराने पांढरी माती उपसली आहे. शेत उन्हाळ्यात एकदा उंचावरून पाहिले तरी हे पट्टे ओळखू येतात.

दुसरा दोष भुसभुशीतपणाचा. रोटाव्हेटरने माती इतकी मोकळी होते की मूळ आणि मातीचा कण यांचा संपर्कच नीट होत नाही. लोह मातीच्या ओलाव्यातून अत्यंत हळू, कणाकणाने मुळाकडे सरकते. माती पोकळ आणि वरून कोरडी असेल, तर तो मार्गच तुटतो. चाकाच्या मागात रोपे हिरवी दिसण्याचे एक कारण हेच आहे, दबलेल्या ओळीत ओल टिकते, हवा कमी असते आणि मुळाला माती चिकटून मिळते. अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागातील चुनखडीच्या जमिनींवरही पिवळ्या सोयाबीनमध्ये चाकांचे हिरवे माग दिसतात. तिथे झालेल्या अभ्यासात त्या मागांतील कमी नायट्रेटचा संबंध हिरवेपणाशी जोडला गेला.

नायट्रेट हाच तिसरा दोष. माती उकरून हवेशीर केली आणि तिच्यावर पहिला पाऊस पडला की सेंद्रिय नत्राचे विघटन वेगाने होते आणि उबदार जमिनीत अमोनियमचे नायट्रेट झपाट्याने बनते. मूळ नायट्रेट शोषते तेव्हा त्याच्याभोवतीचा सामू वाढतो आणि अमोनियम शोषते तेव्हा तो घटतो. भाताला अमोनियम मानवते, कोवळ्या वयात नायट्रेट पचवण्याची त्याची क्षमता कमी असते. म्हणजे जास्त मशागतीने आपण रोपाला न मानवणारे नत्र पुरवतो आणि त्याच ओघात मुळापाशी लोह अधिकच घट्ट बांधतो.

चौथा दोष तळाच्या थराचा. रोटाव्हेटर दरवर्षी एकाच खोलीवर फिरल्याने दहा-पंधरा सेंटिमीटरवर घट्ट थर तयार होतो. वर पीठ आणि खाली फरशी अशी रचना झाली की मुळे वरच्या कोरड्या थरात अडकून राहतात आणि पावसाचा दहा दिवसांचा खंड पडताच पीक पिवळे होते. दबलेली ओळ आणि घट्ट थर यांत गोंधळ करू नये. बियाण्याभोवतीची माती सौम्यपणे बसलेली असणे साळीला हवे आहे, पण मुळांच्या वाटेत आडवा पडलेला थर तिला नको आहे. हाताच्या अंगठ्याने वरची माती दाबून पाहावी आणि ओलीवर असताना एक लोखंडी सळई हळूहळू खाली दाबावी. सळई सुरुवातीला लोण्यातून जावी तशी गेली आणि वीतभर खोलीच्या आत एकदम अडली, तर हा दोष तुमच्या शेतात आहे असे समजावे. अशा शेतात दर तीन-चार वर्षांनी एकदा, उन्हाळ्यात जमीन पूर्ण कोरडी असताना, सबसॉयलरने थर फोडणे योग्य ठरते, कारण त्यात माती पलटत नाही आणि चुना वर येत नाही.

मग विनानांगरट करावी का

हा प्रश्न हल्ली बरेच शेतकरी विचारतात, आणि त्याचे उत्तर जमिनीवर अवलंबून आहे. रायगड जिल्ह्यातील नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा राईस तंत्र अनेकांनी पाहिले आहे. त्यात कायमस्वरूपी गादीवाफे केले जातात, लोखंडी साच्याने खुणा पाडून बी टोकले जाते, चिखलणी व लावणी टळते आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू दिली जातात. जमिनीचा पोत जपण्याचे त्यामागचे तत्त्व मला मनापासून पटते. मात्र कोकणातली जांभ्यापासून बनलेली जमीन आम्लधर्मी आणि लोहाने समृद्ध आहे, शिवाय कर्जत परिसरात पाऊस वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे जातो. तिथे उंच वाफ्यावरही साळीला लोह कमी पडत नाही. परभणीच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत, साधारण ८०० ते १,००० मिलिमीटर पावसावर, तोच उंच वाफा लवकर सुकतो, अधिक हवेशीर होतो आणि पिवळेपणा वाढवू शकतो. याच कारणाने सोयाबीनला लाभदायक ठरलेली रुंद वरंबा सरी पद्धत पेरसाळीला डोळे झाकून लावू नये. साळीसाठी सपाट पेरणी करावी आणि उताराला आडव्या, जागोजागी बंद केलेल्या सऱ्या ओढून पाणी शेतातच मुरवावे, हे मला अधिक सुरक्षित वाटते.

ब्राझीलच्या सेराडो प्रदेशात हाच प्रश्न वेगळ्या अंगाने आला. तिथे सोयाबीन आणि मका विनानांगरट पद्धतीत उत्तम रुजले, पण कोरडवाहू भात मात्र त्या व्यवस्थेत अनेकदा मागे पडला. गोयास राज्यात एम्ब्रापा या तिथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेचे भात आणि घेवडा संशोधन केंद्र आहे, आणि त्या देशात या विषयावर बरेच काम झाले आहे. न नांगरलेल्या जमिनीचा वरचा थर यंत्रांनी दबलेला असतो, भाताची बारीक मुळे त्यात सहज शिरत नाहीत, आणि वरच्या थरात नत्र नायट्रेटच्या रूपात अधिक असते, अशी कारणे पुढे आली. उपाय म्हणून पेरणी यंत्राला चकतीऐवजी किंचित खोल जाणारा फण लावून बियाण्याखालची माती मोकळी केली गेली आणि मागच्या चाकाने ओळ दाबण्याचा भार वाढवून पाहिला गेला. तिथली जमीन आम्ल आहे, त्यामुळे त्यांचा लोहाचा प्रश्न आपल्यासारखा नाही. तरीही बियाण्याखाली मोकळे आणि बियाण्याभोवती घट्ट, ही रचना दोन्हीकडे उपयोगी पडते.

काळ्या जमिनीत विनानांगरट करायचीच असेल, तर आधीच्या पिकाचा भुसा व धसकटे शेतातच ठेवावीत. आच्छादनाने ओल टिकते आणि कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थातून लोह धरून ठेवणारी द्रव्ये मिळतात, ही जमेची बाजू आहे. अडचण पेरणीच्या तासाची येते. माती जरा जास्त ओली असताना फण चालवला, तर तासाच्या भिंती चोपल्या जातात, पुढच्या उन्हात माती आक्रसून तोच तास उघडतो आणि बी उघडे पडते. म्हणून वाफसा गाठणे इथे नेहमीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. कुजणारा काडीकचरा सुरुवातीला नत्र ओढून घेतो, त्यामुळे पहिल्या वर्षी पेरणीसोबतचे नत्र थोडे वाढवावे लागते. आणि पहिल्याच वर्षी सगळे रान या पद्धतीखाली घालू नये, अर्धा एकर वेगळा ठेवून पाहावा.

काळ्या जमिनीसाठी माझा पसंतीचा क्रम

जिथे आधीचे पीक रब्बी ज्वारी किंवा हरभरा होते, तिथे पलटी नांगर टाळावा आणि उन्हाळ्यात वखराच्या दोन पाळ्या द्याव्यात. शेणखत दुसऱ्या पाळीआधी पसरावे. रोटाव्हेटर वापरायचाच असेल तर तो पहिल्या पावसाच्या आधी, उथळ आणि संथ चालवावा, म्हणजे पावसाने माती बसायला वेळ मिळतो. पेरणीच्या दिवशी रोटाव्हेटर फिरवू नये, ही एक गोष्ट पाळली तरी पुष्कळ फरक पडतो. पुरेसा पाऊस झाल्यावर, तणांचा पहिला लोंढा उगवून आला की एक उथळ वखरणी करून तो मारावा आणि लगेच वाफशावर पेरावे. बी तीन ते चार सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नये. पेरणीनंतर हलकी फळी किंवा रोलर फिरवावा. शेतात चालताना टाच दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त रुतत असेल, तर रान अजून पोकळ आहे आणि फळीची आणखी एक पाळी हवी आहे. माती हाताला चिकटत असेल तर फळी अजिबात फिरवू नये, कारण वर पापुद्रा धरतो आणि उगवण अडते.

पंजाबातील अनुभव याला पुष्टी देतो. तिथे थेट पेरणीचा भात पसरू लागल्यावर हलक्या, वालुकामय जमिनींत लोहाची कमतरता तीव्रतेने दिसली, आणि लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने ही पद्धत मध्यम ते भारी जमिनींपुरतीच शिफारस केली. पुढे त्यांनी ओलिताने भिजवलेल्या शेतात वाफशावर पेरून, फळी मारून, पहिले पाणी सुमारे २१ दिवसांनी देण्याची पद्धत पुढे आणली. मुळे खोल जातात आणि पिवळेपणा कमी राहतो, असे त्या पद्धतीबद्दल सांगितले जाते. आपल्याकडे पाणी पावसाच्या हाती असल्याने ती जशीच्या तशी उचलता येणार नाही, पण वाफशावर पेरणी आणि लगेच फळी हा तिचा गाभा आपल्याकडच्या जुन्या रीतीहून वेगळा नाही.

नत्र कोणते, स्फुरद किती

चुनखडीच्या जमिनीत पेरसाळीला पेरणीसोबतचे नत्र अमोनियम सल्फेटमधून द्यावे. त्यात नत्र सुमारे २०.६ टक्के आणि गंधक २३ ते २४ टक्के असते, म्हणजे गंधकाची शंकाही मिटते. युरियाच्या तुलनेत गोणी जास्त लागतात आणि खर्च वाढतो, म्हणून निदान पेरणीचा हप्ता तरी यातून द्यावा आणि पुढचे हप्ते निमलेपित युरियाचे, लहान करून, फुटव्याच्या आणि लोंबी धरण्याच्या वेळी द्यावेत. सगळा युरिया पेरणीलाच टाकला, तर तो दोन-तीन आठवड्यांत बहुतांशी नायट्रेटमध्ये बदलतो, आणि ती वेळ नेमकी रोपाचा लोहाचा साठा संपण्याची असते. डीएपी (स्फुरद आणि नत्र देणारे खत) गरजेपेक्षा जास्त टाकण्याची सवयही सोडावी. जास्तीचा स्फुरद लोह आणि जस्त दोन्हींच्या उपलब्धतेला मारक ठरतो. माती परीक्षणात स्फुरद भरपूर निघाला असेल, तर तो कमी करणे हाही पिवळेपणावरचा उपाय आहे.

वाणाचा प्रश्न

लावणीसाठी निवडलेले वाण पेरसाळीला लावणे ही वारंवार दिसणारी चूक आहे. खाचरात उत्तम येणारी इंद्रायणी चुनखडीच्या कोरड्या रानात पांढरी पडली, तर दोष बियाण्याच्या पिशवीचा नसतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने मराठवाड्यातील पेरसाळीसाठी तेरणा, प्रभावती, पराग, अविष्कार असे वाण दिले आहेत. अशा जमिनीत निवडून आलेल्या वाणांपासूनच सुरुवात करावी. बाहेरून आणलेल्या वाणांबाबत एक सावधगिरी हवी. झारखंडमधील हजारीबागच्या केंद्रातून आलेले वंदना किंवा सहभागी धान हे वाण कोरडे सोसण्यासाठी नावाजले आहेत, पण त्यांची निवड तांबड्या, आम्ल माळरानावर झाली आहे. पाण्याचा ताण सोसणे आणि चुनखडीतून लोह मिळवणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत, एक आहे म्हणून दुसरी असेलच असे नाही.

वाणाची परीक्षा स्वतःच्या शेतात करणे अवघड नाही. दरवर्षी जो पट्टा सर्वांत आधी पिवळा पडतो, त्याच पट्ट्यात तीन-चार वाणांच्या प्रत्येकी चार-पाच ओळी पेराव्यात आणि त्यांचा अर्धा भाग फळीने दाबावा, अर्धा तसाच ठेवावा. वाण आणि मशागत यांचा परस्परसंबंध डोळ्यांना दिसतो. काही वाण दबलेल्या भागात सावरतात आणि मोकळ्या भागात पांढरे पडतात, काही दोन्हीकडे टिकतात. दोन्हीकडे टिकणारा वाण उत्पन्नात थोडा कमी असला तरी अशा रानासाठी मी तोच निवडेन, कारण फवारणीचा खर्च आणि तणाशी हरलेले दिवस हिशेबात धरले की फरक उरत नाही.

या हंगामातले पीक आता पिवळे असेल तर

मशागत आता बदलता येणार नाही, म्हणून फवारणीच करावी, पण नीट करावी. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी हे जुने प्रमाण आहे. कोवळे पान नाजूक असते आणि फेरस सल्फेटचे द्रावण आम्ल असते, चुना ती आम्लता आटोक्यात ठेवतो. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असेल, तर चुन्याऐवजी दहा ग्रॅम सायट्रिक आम्ल आधी पाण्यात विरघळवून मग हिराकस घालावा. द्रावण हिरवट असावे. ते तांबडे झाले तर लोह फेरिक होऊन गाळात बसले आहे, ते टाकून द्यावे. जुना, उघड्यावर राहून तांबूस पडलेला हिराकस विकत घेऊच नये. फवारणी सायंकाळी, कोवळी पाने ओली होतील अशी, आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन ते तीन वेळा करावी. पांढरे झालेले पान पुन्हा हिरवे होणार नाही, यश नव्या पानावर मोजावे.

मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्याच्या बाटलीवर विसंबून राहू नये. फवारणीच्या ग्रेड दोन मिश्रणात लोह अवघे २.५ टक्के असते आणि फेरस सल्फेटमध्ये ते १९ टक्के असते. एकाच वजनात लोहाचा इतका फरक पडत असताना महाग बाटली घेऊन पीक सुधारले नाही, तर नवल नाही. जमिनीतून लोह द्यायचे तर नुसता हिराकस फेकणे व्यर्थ आहे, चुनखडीत तो काही दिवसांतच बांधला जातो. हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून, दोन-तीन आठवडे मुरवून मग तासात द्यावा. चिलेटेड लोहाबाबतही, म्हणजे दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेल्या लोहाबाबतही, जात पाहावी. ईडीटीए स्वरूपातील लोह फवारणीला चालते, पण चुनखडीच्या मातीत टिकत नाही. ईडीडीएचए स्वरूपातील लोह जास्त सामूलाही टिकते, मात्र साळीच्या भावात ते परवडणे कठीण आहे.

हाताशी पाणी असेल आणि शेत सपाट असेल, तर फवारणीसोबत आठवडाभर जमीन संपृक्त ठेवावी, त्या काळात युरिया देऊ नये. उभ्या पिकात कोळपणी करायची असल्यास ती उथळ ठेवावी. पिवळ्या पट्ट्यात खोल कोळपे घातले की माती पुन्हा मोकळी होते, ओल उडते आणि वरची मुळे तुटतात. तिथे तण खुरप्यानेच काढावे. काढणीच्या आधी पिवळ्या पट्ट्यांच्या कडेला खुंट्या मारून ठेवाव्यात आणि उन्हाळ्यात त्या खुंट्यांच्या आत आणि बाहेर वेगवेगळे माती नमुने घ्यावेत. सगळ्या शेताचा एकत्र नमुना घेतला, तर चुनखडीचा पट्टा सरासरीत हरवून जातो आणि पुढच्या जूनमध्ये वखर कुठे थांबवायचा, फळी कुठे दोनदा फिरवायची, हे ठरवता येत नाही.